पोस्टाबाहेरची सहावी बरणी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जगाचा लष्करी खर्च 2024 मध्ये 2,718 अब्ज डॉलरवर पोचला, ही स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ संस्थेच्या अहवालावरची बातमी एप्रिल 2025 मध्ये आपल्या अंकात वाचली आणि तेव्हापासून हे पत्र मनात घोळत आहे. बातमीत देशांची क्रमवारी होती. अमेरिका 997 अब्ज डॉलरसह पहिली, मग चीन, रशिया, जर्मनी आणि पाचवा भारत. तिथेच बातमी संपली. एवढा मोठा आकडा समोर आला की वाचणारा गप्प होतो आणि पान उलटतो. मी ज्या देशात राहते, तिथे या आकड्यासमोर गप्प न बसणारी साधी माणसे गावोगाव आहेत. 2011 पासून मीही त्यांच्यातच आहे. त्यांच्याबद्दल आपल्या वाचकांना कोणीतरी सांगायला हवे, म्हणून लिहिते.

मी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका लहान गावात राहते. बावीस वर्षे इथल्या सार्वजनिक वाचनालयात हिशेबाचे काम केले. माझे यजमान टर्नर, म्हणजे लेथवर धातूचे भाग कातणारे कारागीर. जेट इंजिनांचे सुटे भाग करणाऱ्या एका मशीन शॉपमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. म्हणजे लष्करी खर्चाच्या या भांडणाच्या दोन्ही बाजू आमच्या एकाच घरात जेवायला बसत. ते पुढे सांगते.

आधी गावचा पैसा कसा चालतो ते सांगायला हवे. आमच्याकडे गावाचा मुख्य आधार म्हणजे घरपट्टी. 1980 साली इथल्या मतदारांनी ‘प्रपोझिशन अडीच’ नावाचा कायदा मंजूर केला. त्यामुळे नव्या बांधकामातून येणारी भर सोडली, तर गावाची एकूण घरपट्टी वर्षाला अडीच टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. वाढवायची असेल तर मतदान घ्यावे लागते. शिक्षकांचे पगार, बर्फ काढणारे ट्रक, कर्मचाऱ्यांचा आरोग्यविमा हे सगळे अडीच टक्क्यांपेक्षा वेगाने वाढते. वरून येणारी मदत आटली की गावाला कात्री काढावीच लागते. 2009 च्या मंदीत केंद्राने दिलेली जादा मदत दोन वर्षांत संपली. 2011 च्या वसंतात आमच्या गावात जादा घरपट्टीसाठी मतदान झाले आणि प्रस्ताव पडला.

दर वर्षी वित्त समितीपुढे वाचनालयाचा जमाखर्च मी मांडत असे. कॉपी मशीनची शाई इतकी का लागली, एका मासिकाची वर्गणी का चालू ठेवली, असे प्रश्न येत आणि मी त्यांची उत्तरे देत असे. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. लोकांचा पैसा आहे, त्यांनी विचारलेच पाहिजे. त्यानंतर शाळेच्या व्यायामशाळेत गावसभा भरते. घडीच्या खुर्च्यांवर बसून लोक एकेका कलमावर हातातले कार्ड वर करून मत देतात. त्या वर्षी वाचनालयाच्या कलमावर कपातीची कार्डे वर झाली आणि त्या हातांत आमच्या शेजाऱ्यांचे हातही होते. त्यांच्यावर मी रागावले नाही. त्यांचीही घरपट्टी थकली होती.

जुलैपासून संध्याकाळचे तास बंद झाले. आमच्या मुलांच्या खोलीत दहाएक वर्षांचा एक मुलगा रोज येत असे. आई वृद्धाश्रमात दुसऱ्या पाळीला, म्हणून तो आठ वाजेपर्यंत आमच्याकडे गृहपाठ करी. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या गुरुवारी पाच वाजता मी दाराला कुलूप लावले, तेव्हा तो बाहेरच्या पायरीवर वही उघडून बसला होता. भागाकार अर्धा राहिला होता. दारावरचा दिवा मी चालू ठेवला आणि गाडीत जाऊन बसले. त्याची आई येईपर्यंत मला तिथून हलवेना.

त्याच महिन्यात एका चर्चच्या तळघरात सभा आहे, असा कागद आमच्याच सूचनाफलकावर कोणीतरी लावला. विषय लिहिला होता: ‘आपला कर कुठे जातो?’ मी हिशेबनीस, म्हणून गेले. अकरा माणसे होती. निवृत्त शिक्षिका, एक नर्स, दोन पाद्री, अग्निशमन दलातला एक जण, बाकीचे असेच. भिंतीवर एक तक्ता लावला होता. नॉर्थॅम्प्टन नावाच्या आमच्याच राज्यातल्या गावात 1983 साली ‘नॅशनल प्रायॉरिटीज प्रोजेक्ट’ नावाची संस्था सुरू झाली. केंद्राचा अर्थसंकल्प फोडून तो गावाच्या आणि राज्याच्या पातळीवर आणून दाखवायचा, हेच तिचे काम. अमुक गावातून लष्करासाठी इतका कर गेला आणि तेवढ्यात इतके शिक्षक नेमता आले असते, असा तिचा हिशेब असतो. मी आयुष्यभर आकड्यांत राहिले, पण असा तक्ता आधी पाहिला नव्हता. वॉशिंग्टनचा आकडा आणि आमच्या वाचनालयाचा आकडा एका कागदावर शेजारी शेजारी लिहिता येतात, हे त्या रात्री मला पहिल्यांदा कळले.

चळवळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोर्चा येतो. इथे निम्मे काम तक्त्यांचे आणि बाकीचे उभे राहून बोलण्याचे असते. आमच्या गटाने पहिले काम घेतले ते बरण्यांचे. ही युक्ती आमची नव्हे, ती अमेरिकेत फार जुनी आहे. करविवरण भरण्याच्या शेवटच्या दिवशी पोस्टाबाहेर टेबल मांडायचे. येणाऱ्याच्या हातात एकेक सेंटची दहा नाणी द्यायची आणि म्हणायचे, ‘हा तुमचा कर. तुम्हाला हवा तसा वाटा.’ 2012 साली तो दिवस 17 एप्रिलला होता. टेबलावर पाच बरण्या होत्या. सैन्य, शिक्षण, आरोग्य, घरे, पर्यावरण.

माणसे थांबत. हातात कराचा लिफाफा असल्यामुळे प्रश्न त्यांना परका वाटत नसे. कुणी पटापट टाकून जाई, तर कुणी एक नाणे उचलून पुन्हा दुसरीकडे टाकी. एका आजोबांनी दहा नाणी टाकायला पंधरा मिनिटे घेतली आणि प्रत्येक नाण्यामागचे कारण मला सांगितले. संध्याकाळी सैन्याच्या बरणीचा तळ जेमतेम झाकला गेला होता. खरी वाटणी दाखवणारा कागद आम्ही नाणी टाकून झाल्यावरच देत असू. अमेरिकेची संसद, म्हणजे काँग्रेस, दर वर्षी ज्या पैशावर नव्याने मतदान करते, त्यातला निम्म्याहून जास्त हिस्सा तेव्हा लष्कराला जात होता. म्हणजे दहातली पाचाहून अधिक नाणी एकाच बरणीत.

इथे हिशेबनीस म्हणून एक गोष्ट स्पष्ट करते, कारण या मुद्द्यावर आम्हाला नेहमी खोटे पाडायला बघतात. वृद्धांचे निवृत्तिवेतन आणि आरोग्यविमा हे खर्च कायद्याने आपोआप चालतात, त्यांवर दर वर्षी मतदान होत नाही. ते धरून एकूण खर्च मांडला तर लष्कराचा वाटा पुष्कळच लहान दिसतो. दोन्ही आकडे खरे आहेत. आम्ही कागदावर दोन्ही देतो. लोकप्रतिनिधी ज्या पैशाबद्दल दर वर्षी ‘शिल्लक नाही’ म्हणतो, तो पैसा पहिल्या हिशेबातला, एवढेच आमचे म्हणणे.

त्या दुपारी एक बाई आल्या. त्यांच्या कोटावर सैनिकांच्या घरचे लोक लावतात ती निळ्या ताऱ्याची पिन होती. त्यांचा मुलगा तेव्हा अफगाणिस्तानात होता. त्यांनी नाणी घेतली नाहीत. ‘तुम्ही माझ्या मुलाच्या अंगावरचं चिलखत काढून घेणार का?’ एवढेच विचारले. माझ्याजवळ उत्तर तयार नव्हते. मी म्हणाले, ‘नाही.’ त्या निघून गेल्या. तासाभराने परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक रिकामी काचेची बरणी होती. त्यांनी माझ्याकडून पेन मागून तिच्यावर लिहिले, ‘माजी सैनिकांचे उपचार’. ती बरणी टेबलाच्या कडेला ठेवली, मग नाणी मागितली आणि दहाच्या दहा तिच्यात टाकली.

माजी सैनिकांची रुग्णालये वेगळ्या खात्याकडे आहेत, पेंटॅगॉनकडे, म्हणजे संरक्षण खात्याकडे नाहीत, हे मला नंतर नीट समजले. पेंटॅगॉनचा सुमारे निम्मा पैसा खासगी कंपन्यांच्या कंत्राटांत जातो आणि त्याच वेळी सैनिकांची काही कुटुंबे सरकारी अन्नसाहाय्यावर जगतात, हेही त्यानंतर शोधून वाचले. तेव्हापासून आमच्या टेबलावर सहा बरण्या असतात. ‘सैन्याविरुद्ध’ हा शब्द आम्ही तोंडातून काढत नाही. सीमेवर उभ्या असलेल्या पोराचा पगार आणि हत्यारांच्या कंपनीचे कंत्राट या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला एका आईने शिकवले.

मग सह्या. आमच्या राज्यात एक चांगली सोय आहे. एखाद्या धोरणाबद्दल आपल्या आमदाराला मतदारांनी सूचना द्यावी, असा प्रश्न मतपत्रिकेवर आणता येतो. त्यासाठी प्रतिनिधीच्या एका मतदारसंघात 200 नोंदणीकृत मतदारांच्या सह्या लागतात. 200 म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण प्रत्येक सही गावाच्या कारकुनाकडच्या मतदार यादीशी जुळावी लागते. पत्ता बदललेला, अक्षर न लागणारे, शेजारच्या मतदारसंघातले, सगळे बाद. म्हणून आम्ही बऱ्याच जास्त गोळा केल्या. कचरा टाकायला लोक शनिवारी गावाच्या केंद्रावर येतात, तिथे मी क्लिपबोर्ड घेऊन उभी राहिले. माझ्या उच्चारावरून ‘तू कुठली?’ असे विचारणारे भेटले. मी वाचनालयाचे नाव सांगितले की बहुतेकांचा आवाज बदलत असे. त्यांच्या मुलांना मी पुस्तके दिली होती.

‘बजेट फॉर ऑल’ असे त्या प्रश्नाचे नाव होते. त्यात चार मागण्या होत्या: वृद्ध, गरीब आणि आजारी लोकांच्या योजनांत कपात नको, रोजगार, शाळा, रस्ते यांत पैसा घाला, मोठ्या कंपन्यांच्या आणि श्रीमंतांच्या करातल्या पळवाटा बुजवा, युद्ध संपवून लष्करी खर्च कमी करा आणि तो पैसा गावांकडे वळवा. नोव्हेंबर 2012 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या 91 शहरांत आणि गावांत हा प्रश्न मतपत्रिकेवर होता आणि सुमारे तीनास एक या प्रमाणात मंजूर झाला. त्याच दिवशी शेजारच्या कनेटिकट राज्यात न्यू हेवन शहराने असाच प्रश्न मतदारांपुढे ठेवला आणि तोही मोठ्या बहुमताने मंजूर झाला. त्याच्या आदल्या वर्षी, जून 2011 मध्ये, बाल्टिमोरला देशभरच्या महापौरांच्या परिषदेने युद्धांचा पैसा घरी वळवा असा ठराव केला होता. व्हिएतनाम युद्धानंतर महापौरांनी असे पहिल्यांदाच म्हटले.

हे ठराव बंधनकारक नसतात. सिनेटमध्ये कोणी कसे मत द्यावे हे आमचे गाव ठरवू शकत नाही. ‘मग कशाला एवढी धडपड?’ हे मी खूप ऐकले आहे, आपल्या नातेवाइकांकडून सगळ्यात जास्त. उत्तर म्हणून मी 2020 ची गोष्ट सांगते. त्या जुलैमध्ये लष्करी खर्चात दहा टक्के कपात करून तो पैसा गरीब वस्त्यांकडे वळवण्याची दुरुस्ती सिनेटमध्ये आली. बाजूने 23 मते, विरोधात 77. कनिष्ठ सभागृहात दहा टक्के कपातीच्या दुरुस्तीला 93 मते मिळाली, विरोधात 324. म्हणजे दोन्हीकडे सपशेल हार. पण त्या 23 मध्ये आमच्या राज्याचे दोन्ही सिनेटर होते. त्यातल्या एलिझाबेथ वॉरन 2012 साली पहिल्यांदा निवडून आल्या, त्याच मतपत्रिकेवर आमचा प्रश्न होता. त्यांचे मत आमच्यामुळे पडले असे मी म्हणत नाही. त्यांना मत देणाऱ्या माणसांनी त्याच कागदावर, खाली, काय सांगितले आहे हे त्यांना माहीत होते, एवढे मी म्हणते आणि ते मला थोडे वाटत नाही.

आता घरातली गोष्ट. जून 2012 मध्ये सह्यांचा कागद मी ह्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो पूर्ण वाचला, चष्मा काढला आणि कागद माझ्याकडे सरकवला. ‘मी नाही सही करणार. आमच्याकडे दहातली सात कामं लष्करी विमानांच्या इंजिनाचीच असतात. तुझ्या बरण्या भरल्या तर आमची मशिनं थांबतील.’ मी त्यांना ॲमहर्स्टच्या विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांचा 2011 चा अभ्यास दाखवला. एक अब्ज डॉलर लष्करावर खर्च केले तर सुमारे 11,200 रोजगार तयार होतात, तेवढेच स्वच्छ ऊर्जेवर केले तर 16,800, आरोग्यावर 17,200 आणि शिक्षणावर 26,700. ते म्हणाले, ‘बरोबर असेल. पण मी बावन्न वर्षांचा टर्नर आहे. मला कोण शाळेत शिकवायला घेणार?’

त्यांचे खरे होते. देशात रोजगार वाढतात म्हणून एका माणसाचा हप्ता फिटत नाही. सभांमध्ये आमचे लोक ही तक्त्यातली बेरीज फार सहज फेकतात आणि मग कारखान्यातली माणसे आमच्यापासून दुरावतात. मला याचा आजही त्रास होतो, आमच्या बैठकांत मी ते बोलूनही दाखवते.

मग मी शोधाशोध केली, वाचनालयात होतेच. ब्रिटनमध्ये लुकास एरोस्पेस नावाची कंपनी होती. तिचे निम्मे काम लष्करी. सत्तरच्या दशकात नोकरकपातीची टांगती तलवार आली, तेव्हा तिथल्या वेगवेगळ्या कारखान्यांच्या कामगार प्रतिनिधींनी मिळून विचारले, आमच्या हातातली कला आणि ही यंत्रे वापरून समाजाच्या गरजेचे काय बनवता येईल? त्यांनी आधी बाहेरच्या तज्ज्ञांना पत्रे लिहिली. फारशी उत्तरे आली नाहीत. मग आपल्याच कामगारांना विचारले आणि सूचनांचा ढीग पडला. 1976 साली त्यांनी जी योजना मांडली, तिच्यात सुमारे दीडशे वस्तू होत्या. घर उबदार ठेवणारे हीट पंप, पवनचक्क्या, मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी यंत्रे, रस्त्यावर आणि रुळांवरही धावणारे वाहन, पाठीच्या कण्याचा जन्मजात आजार असलेल्या मुलांसाठी छोटी गाडी. व्यवस्थापनाने ती योजना नाकारली. आज पन्नास वर्षांनी हीट पंप आणि पवनचक्क्या जगभर लागत आहेत.

मी हा मजकूर छापून जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि काही बोलले नाही. दोन दिवस तो तिथेच होता. तिसऱ्या दिवशी ह्यांनी विचारले, ‘ही योजना करणारे टर्नर-फिटर होते?’ मी म्हटले, ‘टर्नर-फिटर होते, ड्राफ्ट्समन होते, काही इंजिनिअर.’ त्या रविवारी त्यांनी एका जुन्या जॉब शीटच्या पाठीमागे पेन्सिलने यादी केली. त्यांच्या शॉपमधल्या पाच अक्षांच्या मशीनवर, आहे तीच माणसे आणि आहेत तीच मापे घेऊन काय होऊ शकते: खुब्याचा कृत्रिम सांधा, पाणी उपसण्याच्या पंपातले फिरते चक्र (इम्पेलर), रेल्वेच्या ब्रेकचे भाग, पवनचक्कीच्या गिअरबॉक्सचे काही भाग. शेजारी प्रत्येकासाठी किती टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल, तेही लिहिले. खाली एक ओळ होती, ‘गिऱ्हाईक आणून द्या, आम्ही करू.’

मला वाटते, या सगळ्या विषयातले कळीचे वाक्य हेच आहे. लष्कराचे गिऱ्हाईक पक्के असते, वर्षानुवर्षांचे असते, पैसे बुडवत नाही. रेल्वेचे किंवा पाण्याच्या पंपाचे गिऱ्हाईक तितके पक्के करायचे, तर ते सरकारनेच करावे लागेल. पैसे ‘वळवा’ म्हणताना आम्ही आता हेही मागतो: कारखाना बंद पडण्याआधी दुसरे कंत्राट, मधल्या काळातला पगार आणि कोणती वस्तू करायची हे ठरवताना कामगारांचे मत. सही त्यांनी 2012 मध्ये केली नाही. यादी मात्र मला दिली आणि मी ती आमच्या गटाच्या फायलीत लावली.

मार्च 2020 मध्ये करोना आला. व्हेंटिलेटर कमी पडत होते. आमच्याच राज्यात लिन शहरात जेट इंजिनांचा मोठा कारखाना आहे. तिथले कामगार महिन्याच्या शेवटी कारखान्याबाहेर एकमेकांपासून सहा फुटांवर गप्प उभे राहिले. त्यांची मागणी होती, आमच्याकडून व्हेंटिलेटर करून घ्या, यंत्रे आहेत, जागा आहे, आम्हाला काम येते. टीव्हीवर ते बघताना हे उठले, आत जाऊन आपली हत्यारांची पेटी घेऊन आले आणि मायक्रोमीटर काढून हातात धरून बसले. ‘त्याचा व्हॉल्व्ह आमच्याकडे दोन दिवसांत बसवता आला असता,’ म्हणाले. त्यांना त्या वर्षी कोणी विचारले नाही. त्यांचे शॉप इंजिनाचेच भाग करत राहिले.

हिशेबाबद्दल एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. सरकारी खात्यांनी ताळेबंद तपासून घ्यावेत, असा कायदा अमेरिकेत 1990 साली झाला. पेंटॅगॉनचे पहिले संपूर्ण लेखापरीक्षण 2018 मध्ये झाले. तेव्हापासून 2024 पर्यंत सात वेळा झाले आणि सातही वेळा त्या खात्याला स्वच्छ शेरा मिळाला नाही. आपली मालमत्ता नेमकी किती आणि कुठे आहे, हे त्याला पुरते दाखवता येत नाही. मी बावीस वर्षे कॉपी मशीनच्या शाईचा हिशेब दिला. मला हे वाचून राग येतो आणि तो मी लपवत नाही. जिथे हिशेब लागत नाही तिथे आणखी पैसे घालायचे आणि जिथे पै न् पै दाखवली जाते तिथे कात्री, हे कुठल्याही घरात कोणी चालवून घेणार नाही.

आणि कात्री थांबलेली नाही. मार्च 2025 मध्ये देशभरच्या वाचनालयांना आणि संग्रहालयांना अनुदान देणारी केंद्रीय संस्था जवळपास मोडीत काढण्याचा आदेश निघाला. प्रकरण कोर्टात गेले. त्या संस्थेचे वर्षाचे सगळे अंदाजपत्रक 30 कोटी डॉलरच्या आत आहे. एका एफ-35 लढाऊ विमानाची किंमत 8 कोटी डॉलरच्या पुढे. म्हणजे तीन-चार विमानांत साऱ्या देशाच्या वाचनालयांचे अनुदान. त्याच वर्षी जुलैमध्ये जो मोठा कायदा झाला, त्यात लष्कराला सुमारे 150 अब्ज डॉलर जादा मिळाले आणि त्याच कायद्याने गरिबांच्या आरोग्य योजनेत आणि अन्नसाहाय्यात मोठी कपात केली. आमच्या गटातली नर्स आहे ना, तिच्या वृद्धाश्रमातले बहुतेक रहिवासी त्याच आरोग्य योजनेवर आहेत. ती आता आकडे सांगत नाही, खोल्यांचे नंबर सांगते.

हे पत्र मराठी वर्तमानपत्राला का, असे आपण विचाराल. आपल्या कितीतरी वाचकांची मुले-मुली इथे आहेत, कर भरतात, त्यातल्या अनेकांनी नागरिकत्व घेतले आहे. गावसभेला, शहराच्या कौन्सिलला ती फारशी दिसत नाहीत. ‘आपण बाहेरचे, आपण कशाला बोलायचे’ हा संकोच मला ठाऊक आहे, मीही तो पुष्कळ वर्षे बाळगला. आई-वडिलांनी फोनवर एकदा विचारावे, तुमच्या गावचे वाचनालय किती वाजता बंद होते रे? न्यू हेवनमध्ये 2020 च्या निवडणुकीत लष्कराचा पैसा गावांकडे वळवण्याचा प्रश्न पुन्हा मतदारांपुढे आला, तेव्हा पाचातल्या चाराहून अधिक जणांनी ‘हो’ म्हटले. ज्या राज्यात पाणबुड्या, हेलिकॉप्टरे आणि विमानांची इंजिने बनतात, त्या राज्यात. असे मतदान आपोआप होत नाही. कोणीतरी टेबल मांडून उभे राहिलेले असते.

आपणास एक विनंती आहे. ‘सिप्री’चा अहवाल दर वर्षी एप्रिलच्या शेवटी येतो आणि त्या सुमारास जगभर अनेक शहरांत लष्करी खर्चाविरुद्ध लोक रस्त्यावर येतात. 2011 पासून हे ठरवून चालले आहे. पुढच्या वर्षी ती बातमी छापाल तेव्हा क्रमवारीच्या तक्त्याशेजारी आणखी एक रकाना द्यावा: तो पैसा ज्यांनी भरला, त्यांना विचारले असते तर तो त्यांनी कुठे टाकला असता.

आम्ही पुढच्या एप्रिललाही पोस्टाबाहेर असू. आता बहुतेक लोक कर संगणकावरूनच भरतात, म्हणून दुपारनंतर टेबल वाचनालयाच्या दारात हलवतो. जुन्या बरण्या वाऱ्याने कलंडत असत. ह्यांनी निवृत्त झाल्यावर गॅरेजमधल्या छोट्या लेथवर त्यांच्यासाठी लाकडी बैठक करून दिली आहे, सहा गोल खाचांची. सहावी खाच इतरांपेक्षा थोडी रुंद आहे. त्या बाईंनी आणलेली बरणी जाड काचेची होती, तिच्या मापानेच ती कातली.

आपली नम्र,
एक वाचक
मॅसॅच्युसेट्स, अमेरिका